अण्णाचा शब्द

उडुपी, ९ जुलै १९८६

चि. सौ. जलजा हिस वादिराजअण्णाचे अनेक आशीर्वाद.

ताप उतरला, सोमवारपासून कामावर जातो. अशक्तपणा आहे, पण हॉटेलात वेटरला अशक्तपणा परवडत नाही. तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?

एक गोष्ट फक्त तुला लिहितो. तापाने माझं नाक नेलं. हिंगाची फोडणी, कॉफी, उदबत्ती, कशाचाच वास येत नाही. जेवण माती चावल्यासारखं लागतं. डॉक्टर म्हणाले, परत येईल तर येईल.

तू म्हणशील, नाकाचं एवढं काय? अगं, गिऱ्हाईक विचारतं, सांबार गोड आहे का, पत्रोड्यातलं अळू खाजेल का, तेल आजचं की कालचं. भटारखान्यातून टेबलापर्यंत येईतो नाकाने मला सगळं सांगितलेलं असायचं. सरसम्माबाई तर ठाऊकच आहेत तुला, शाळेत तुला शिकवायच्या त्या. एकट्या राहतात, दुपारी माझ्याच टेबलावर जेवतात. कांदा-लसूण वर्ज्य. बाहेर तशी पाटी लावलेली असूनही रोज मला विचारतात, वादिराजा, नाही ना रे? मी नाही म्हटल्यावरच पानाला हात लावतात. आता कशाच्या जोरावर नाही म्हणू?

तुझी आठवण काढणारा,
अण्णा

तीर्थहळ्ळी, १७ जुलै १९८६

ति. अण्णास जलजाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग हसू आलं. लहानपणी मी चोरून खाल्लेला फणस तू माझ्या हाताच्या वासावरून पकडायचास. आता चोरून खायला येऊ का?

अरे, आत जाऊन आचाऱ्याला विचार की! विचारून सांगतो म्हटल्याने कुणाची अब्रू जात नाही. ह्यांच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक रंग पक्का का म्हणून विचारतं, तेव्हा हे थांबा म्हणतात आणि पदर भिजवून बघतात. तेवढ्यावर लोक खूश असतात. तुझा ताठा मात्र मोठा. वादिराज विचारायला आत गेला असं कुणी म्हणता कामा नये, हेच ना? सोड तो.

सासूबाईंना कार्तिकात कृष्णदर्शनाला यायचं आहे. बाहेर पाण्याचा घोटही घेत नाहीत, पण वादिराज सांगेल ते जेवेन म्हणतात. बघ, केवढा मान!

माया आहे तशीच राहू दे.
तुझी जलजा

उडुपी, ५ ऑगस्ट १९८६

चि. सौ. जलजा हिस आशीर्वाद.

तुझं ऐकलं. ताठा सोडला. सरसम्माबाईंनी विचारल्यावर, थांबा, विचारून येतो म्हणालो. त्या चकितच झाल्या. आचारी नवा आहे, गेल्या महिन्यात आला. त्याने कृष्णाची शपथ घेऊन सांगितलं की सांबारात लसूण नाही. मी तसं बाईंना सांगितलं.

पहिल्या घासालाच त्यांचा हात थांबला. उठल्या, नळावर गेल्या आणि चुळा भरत राहिल्या. पाठीवरून पदर घसरला होता तोही सावरला नाही. चाळीस वर्षांचा नेम, जलजा!

मी मागच्या अंगणात गेलो. नाक नसलं तरी डोळे आहेत. उकिरड्यावर लसणाची सालं पडली होती. आचाऱ्याला धरलं तर म्हणाला, यात्रेकरूंना चमचमीत लागतं, धन्याने सांगितलं आजपासून घाल म्हणून आणि कोणी विचारलं तर नाही म्हण म्हणून. नाक शाबूत असतं तर पान वाढण्याआधीच कळलं असतं.

काय करू, सुचत नाही. पत्र पाठव.
अण्णा

तीर्थहळ्ळी, १३ ऑगस्ट १९८६

ति. अण्णास सा. न. वि. वि.

आधी सरसम्माबाईंच्या घरी जा आणि पाय धर. मग धन्यासमोर उभा राहा, नाकाचंही सांग आणि ही लबाडी मला जमणार नाही असं तोंडावर सांग. काढून टाकेल तर टाकू दे. इथे ये म्हणायचं धाडस मात्र होत नाही रे. दुकान मंद आहे आणि घरात सासूबाईंचा शब्द चालतो. हे लिहिताना लाज वाटते.

त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही. त्यांची दर्शनाची तयारी चालू आहे.

राग धरू नकोस.
जलजा

उडुपी, २ सप्टेंबर १९८६

चि. सौ. जलजा हिस आशीर्वाद.

राग कसला, वेडे. तुझं घर मला ठाऊक आहे.

बाईंकडे गेलो. दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, तुझ्यावर राग नाही, पण आता या वयात नवा माणूस कुठे शोधू विचारायला? दुपारी पोहे भिजवून खातात. मला पाय धरू दिले नाहीत.

धन्याला सगळं सांगितलं. वाटलं, हिशेब करून वाटेला लावेल. तर तो खुर्चीतून उठला आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, वादिराजा, आधी का नाही बोललास? बाकीची पोरं नाही म्हणताना चाचरतात, गिऱ्हाईक ओळखतं. तुला तर वासच येत नाही, तुझा चेहरा स्वच्छ राहील. उद्यापासून नेमवाल्यांची सगळी टेबलं तुझी. हे जमणार नाही असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. साठीला आलेल्या वेटरला दुसरीकडे कोण ठेवतं, हे आठवलं आणि मिटलं.

आता दिवसभर नाही म्हणतो. लोक समाधानाने जेवतात. कोणी जाताना नमस्कारही करतं, आणि मी तो घेतो.

सासूबाईंना इकडे आणू नकोस. आणायचंच झालं तर घरचा डबा आण आणि कृष्णमठाबाहेर बसून जेवा. त्यांना मला विचारू देऊ नकोस, तूही विचारू नकोस. मी नाही म्हणेन, जलजा, आणि तुम्हाला दोघींना ते खरं वाटेल.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
अण्णा