बसून झोपणारी भाची

प्रिय भाऊराया,

या नावाने हाक मारली की तुला लाज वाटते, माहीत आहे मला. आता तू मुख्याध्यापक, मोठा माणूस. पण पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवतेय, तुझा शिपाई काही वाचणार नाही. आमचं चाललंय. तुझे भावोजी ट्रक घेऊन लांब गेलेत, आठवडाभर त्यांचं तोंड दिसायचं नाही. मी लाँड्रीत आहे तिथेच आहे. हॉटेलांच्या चादरी येतात, मी इस्त्री करते, त्या जातात, पुन्हा येतात. या उकाड्यात इस्त्रीपुढे उभं राहणं म्हणजे काय ते तुला सांगून काय उपयोग, तू पंख्याखालचा माणूस.

काल चादरींच्या घड्या करताना तुझं लहानपण आठवलं आणि एकटीच हसले. काय झोपायचास रे तू! आई कामावर गेली की तुला उठवायचं माझ्या गळ्यात. हलवलं, पाणी शिंपडलं, पांघरूण ओढलं, तरी साहेब ‘उठलो’ म्हणून कुशीवर वळायचे. शेवटी मी नाद सोडला आणि तुला झोपेतच तयार करायला लागले. आधी एक पाय चड्डीत, मग दुसरा. आडवा असतानाच बूट. भिंतीला टेकवून भांग पाडायचा, तोंडात घास कोंबायचा आणि हात धरून चालवत न्यायचं. अर्ध्या रस्त्यापर्यंत तुझे डोळे मिटलेलेच. फाटकापाशी पहारेकऱ्याच्या हवाली केलं की तू वेळेवर. आणि मी? माझी शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. धापा टाकत पोचायचे तोवर प्रार्थना संपलेली. बाई मला ‘उशीरताई’ म्हणायच्या आणि पहिला तास वर्गाबाहेर उभं करायच्या. पहिला तास गणिताचा असायचा. गणितात नापास झाले आणि आईने शाळा सोडवली. तुला मात्र त्या वर्षी पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र मिळालं. अजून ते तुझ्या खुर्चीमागे चौकटीत लावलेलं आहे. माझ्या भिंगरीला तुझ्या शाळेत घालायला आले होते तेव्हा मी त्याकडे बघून हसले. तू नाही हसलास.

यंदा तू सुट्टी पुरती संपूही दिली नाहीस. शाळा लवकर उघडलीस आणि घंटाही पहाटेवर आणलीस. दुपारनंतर इमारत दुसऱ्या तुकड्यांना हवी, हे खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तू मात्र व्यासपीठावरून म्हणालास, जो लवकर उठतो तोच आयुष्यात पुढे जातो. अरे बापरे! कोण बोलतंय, कुणाला! तरी मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. भावाचा अभिमान, दुसरं काय.

आता तुझ्या भाचीचं ऐक. तिला भिंगरी नाव तूच ठेवलंस, एका जागी बसायची नाही म्हणून. पंधराची झालीय. लवकर झोप म्हणून मी ओरडले, दिवा घालवला, मोबाइल माझ्या उशाखाली ठेवला. ती छताकडे बघत पडून राहते. डॉक्टर म्हणाले, या वयात झोप उशिराच लागते, मुलगी आळशी नाही. पण तुझ्या घंटेला हे कोण सांगणार? सकाळी तिला शुद्ध नसते. मग तिने युक्ती काढली, रात्रीच गणवेश घालून झोपायचं. मामाची भाची शोभते खरी! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं.

मग तो सोमवार आला. तू फाटकात उभा राहून गणवेश तपासतोस. तिचा स्कर्ट चुरगळलेला. सगळ्या मुलींसमोर तू तिला विचारलंस, घरात इस्त्री नाही का? तिने मला हे सांगितलं नाही. शेजारच्या मुलीकडून कळलं.

मामाने भाचीला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये, म्हणून बोललास, एवढं मला कळतं. पण बोलायला तुला हेच वाक्य सापडलं? माझ्या मनगटावर भाजल्याचे डाग आहेत, ते तू पाहिलेत. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी भांडून आले असते. तुझ्यापुढे माझी जीभ रेटत नाही, याचाच मला राग येतो.

परवा नेहमीपेक्षा लवकर, अंधारातच कामावर निघताना बघते तर भिंगरी अंथरुणात नाही. भिंतीला पाठ लावून बसून झोपली होती. स्कर्टची एकेक घडी गुडघ्यांवर सारखी करून ठेवलेली, वरून दोन्ही तळवे दाबून धरलेले. आडवं झालं की चुरगळतो म्हणून. त्या सोमवारपासून, माझा डोळा लागला की उठून रोज अशीच झोपते म्हणे. मी उठवलं तर झोपेतच म्हणाली, ‘बघ आई, घडी मोडली नाहीये.’ दारात चप्पल घालताना मला रडू फुटलं. तशीच कामावर गेले.

तुझ्या बायकोने निरोप आणला. शनिवारी पालकांची सभा आहे, पहाटेच्या शाळेवर लोक नाराज आहेत, तेव्हा ताईने उभं राहून सांगावं की आम्हा कष्टकऱ्यांना हीच वेळ सोयीची. मी येईन. उभीही राहीन. घाबरू नकोस, तुझ्या झोपेतल्या बुटांचं सांगणार नाही, ते आपल्या घरातलं. भिंगरी कशी झोपते तेवढं सांगेन. मग तू सगळ्यांसमोर मला विचार, घरात इस्त्री नाही का? तिथे तरी डोळे उघडे ठेव, भाऊ. आता मी तुला उठवायला येणार नाही.

तुझीच,
उशिरा पोचलेली ताई