गाळ्याची किल्ली

अण्णा, विश्वास या विषयावर संशोधन करून मला पदवी मिळाली. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, त्यात संशोधन करण्यासारखं काय आहे? तुमच्या लेखी विश्वास म्हणजे शेजारच्या गाळ्यातले काका. विषय संपला.

भोसरीतल्या आपल्या गाळ्यावरची ती खंडेनवमी मला अजून सलते. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, सुट्टीभर तुमच्या हाताखाली काम शिकलेय. सकाळपासून मी लेथ पुसतेय, पत्र्याखालचा चुरा काढतेय, झेंडूची माळ घालतेय. पूजा झाली, तुम्ही शटर ओढलंत आणि मी किल्लीसाठी हात पुढे केला. तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलंत नि किल्ली काकांना दिलीत. "तुझ्याकडं कशाला? तू आज हाईस, उद्या न्हाईस." काका हसले. मी हात ओढणीला पुसला, तेल लागल्यासारखा.

मग तुम्हीच गेलात. तेराव्यानंतर आई आणि मी गाळ्यावर आलो, तर शटरला नवीन कुलूप. काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, अण्णांनी शब्द दिलता मला. लेथ मीच चालवायचा." कागद नाही, साक्षीदार नाही. आई म्हणाली, दिलाही असेल. काका खोटारडे निघाले असते तर मी सुटले असते हो. पण तुम्ही तसा शब्द खरंच दिला असणार, हे मलाही पटतं, आणि म्हणूनच राग जात नाही.

आता मी ताथवड्याच्या कॉलेजात संगणक-सुरक्षा शिकवते. संगणकाच्या जाळ्यात आतल्या माणसावरही आपोआप भरवसा ठेवायचा नाही, दर वेळी ओळख तपासायची. परवा चाकणकडच्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, घरच्यांवरबी न्हाई?" वर्ग हसला. मी म्हणाले, तिथूनच सुरुवात करायची. संशोधनासाठी मी भोसरीतल्या कारखानदारांना भेटले, तेव्हा जो तो अभिमानानं सांगायचा की इथं सगळं शब्दावर चालतं. त्या शब्दातून कुणाला वगळलं जातं, ते मी प्रबंधात लिहिलं. तुमचं उदाहरण मात्र घातलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा एवढं सांगून टाकते. आमच्या फ्लॅटची जादा किल्ली समोरच्या ताईंकडे असते. काल लेक म्हणाली, आई, आता माझ्याकडे दे ना, आणि हात पुढे करून उभी राहिली. चांगली कॉलेजात जाणारी, समजूतदार पोर. मी म्हणाले, तुझ्याकडं कशाला? तिनं हात जीन्सला पुसला.