मी बदललेला शेवट

१९ ऑक्टोबर १९८१
तबिथा खोटारडी आहे. झालं! हॅस्कल सरांना निबंधात हेच लिहून देणार. कादंबरीतली ही पोस्टातली बाई. शेजारच्या म्हातारीचा मुलगा व्हेलच्या शिकारीला गेला आणि बुडाला, हे हिला ठाऊक. तरी वर्षानुवर्षं त्याच्या नावानं पत्रं लिहून म्हातारीला नेऊन देते. सर म्हणाले, "शंभर वर्षं लोक भांडतायत, ती दयाळू की पापी? तुम्हीही भांडा." मी म्हटलं, खोटं ते खोटं. मागून रॉय — "आल्या न्यायाधीशीणबाई!" हसू देत.

२२ ऑक्टोबर
वीस तास गावची सेवा केल्याशिवाय शेवटच्या वर्षाची सुटका नाही. माझ्या वाट्याला मिसेस ऑगस्टा बीअल. दोन वर्षांपासून त्यांना दिसत नाही, दर गुरुवारी वाचून दाखवायचं. म्हटलं, हीच कादंबरी वाचू, माझाही अभ्यास होईल. शाळेतल्या प्रती संपल्या होत्या, आईनं गावच्या लायब्ररीतून आणून दिली.

"वाचलीय का तुम्ही?" मी विचारलं.

"डोळे होते तेव्हा हातात कात्री होती, पोरी."

तीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात माशांची डोकी कापली त्यांनी. बोटांवर अजून व्रण आहेत.

२९ ऑक्टोबर
धुकं. खिडकीबाहेर ना बंदर, ना बोटी — नुसता घंटेचा आवाज. वाचता वाचता मी कुठे आहे तेच कळेना. आपलंच गाव वाटलं, तबिथा पत्र घेऊन टेकडी उतरतेय, पायरीवर तिची ओली पावलं... मिसेस बीअल मान मागे टाकून ऐकत होत्या. पोर्चवरचा दिवा भर दुपारी चालू! बंद करायला उठले तर म्हणाल्या, "राहू दे. लायलला लांबून दिसतो."

लायल त्यांचा मुलगा. बारा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, लॉबस्टरचे सापळे उचलायला गेला. बोट सापडली. तो नाही.

सगळ्या गावाला माहीत आहे. मलाच कसं आठवलं नाही! आणि त्यांना मी वाचून काय दाखवतेय, तर हे!

२ नोव्हेंबर
निबंधाला पैकीच्या पैकी. सरांनी वर्गात वाचून दाखवला. आनंद व्हायला हवा होता.

५ नोव्हेंबर
आज शेवटचं प्रकरण. पुस्तकात म्हातारीला सगळं कळतं. ती पत्रं चुलीत घालते, तबिथाच्या तोंडावर दार लावते आणि पुन्हा कधीच उघडत नाही. पान उलटलं आणि मिसेस बीअलच्या हातांकडे लक्ष गेलं. मांडीवर एकात एक घट्ट धरलेले. माझ्या तोंडून निघालं, "तेवढ्यात दारावर थाप पडली. तिनं ओळखली. मुलाचीच."

मग थांबताच येईना. त्याच्या दाढीत मीठ होतं म्हटलं. त्यानं खायला मागितलं, म्हातारीनं माशाचं सूप गरम केलं — कुठून सुचत होतं कोण जाणे. आवाजही कापला नाही माझा! मधूनमधून पानं उलटत होते, त्यांना आवाज यावा म्हणून.

त्यांनी मांडीवरचे हात सोडवले. मग म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी हेच पुन्हा वाच हं."

कसली न्यायाधीशीण! आंधळ्या बाईला फसवून आले.

९ नोव्हेंबर
वर्गात खिडकीतून बंदर बघत बसले. धुक्यातून बोट येते, कुणीतरी हात हलवतं, जवळ येता येता पुसट होतं. सरांनी दोनदा हाक मारली म्हणे.

सेवेच्या कागदावर सही करायचीय. छापलेलंच आहे — "काम प्रामाणिकपणे केले." नाही जमणार. गुरुवारी त्यांना खरा शेवट सांगणार. मग त्यांनी मला दार उघडलं नाही तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण सांगणार.

१० नोव्हेंबर
मुदत वाढवायला लायब्ररीत गेले. बाईंनी सहीसाठी पुस्तकाचं कार्ड पुढे केलं, नेणाऱ्यांची नावं असतात ते. सगळ्यात खाली आई. तिच्या वर — ऑगस्टा बीअल, नोव्हेंबर १९७९. तिच्या वर ऑगस्टा बीअल, नोव्हेंबर १९७८. त्याच्याही वर. थेट १९७० पर्यंत, दर नोव्हेंबरात तीच सही.

खरा शेवट पाठ असणार त्यांना.

परवा गुरुवार. सूप गरम करण्याआधी म्हातारीनं त्याचे ओले बूट काढायला हवे होते. ते वाचायचं राहिलंच.