पुढच्या आठवड्यात काय द्यायचं

५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार, आणि गुंडूकडून एक ओला, केळ्याचा वास येणारा पापा. परवा फोन मध्येच ठेवला म्हणून रागावली असशील. जेवायची वेळ होती गं. त्याच्या जेवणाच्या वेळी फोन घ्यायचा नाही असं आमचं ठरलंय, त्याचं लक्ष उडतं. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्र अर्धं टाकून उठलं तरी त्याला राग येत नाही.

इकडे सगळं छान. गुंडू आता चालत नाही, पळतोच. बोलतो मोजकं, त्यातला 'नाय' सगळ्यात ठणठणीत, आणि तो बहुतेक माझ्या हातातल्या चमच्याला असतो.

तू विचारलंस, दिवसभर करतेस तरी काय? हसू नकोस, आठवडा ठरवते. रविवारी संध्याकाळी गुंडूचा बाबा आणि मी टेबलाशी बसतो आणि सोमवारपासून त्याला काय काय द्यायचं ते कागदावर लिहून काढतो. लागोपाठ तीच भाजी नाही. अंडं एक दिवसाआड. मासा बुधवारी, कारण बुधवारी ताजा मिळतो. वाटाणे सालं काढून. मीठ नाही, साखर नाही, बाहेरचं काही नाही, कुणाच्या घरचंही नाही. तुला माहीतच आहे, बाबा लिफ्ट तपासतो. त्याची सही झाल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. घरातही तसंच. दुपारी कामावरून फोन येतो, "किती खाल्लं? किती उरलं?" खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणतात, "असा नवरा शोधून सापडायचा नाही हो." खरंच आहे. बाकीच्यांना आपल्या मुलाला दात किती आलेत तेही ठाऊक नसतं.

गुंडू मात्र आमच्या मेहनतीला काडीची किंमत देत नाही. काल त्याने गाजराचा लगदा कानात घातला. स्वतःच्या नाही, माझ्या.

दुकानात परत कधी जाणार म्हणतेस. चष्मेवाल्या बाईंनी नजर तपासायची माझी जागा अजून कुणाला दिलेली नाही. आधी म्हटलं दाढा येऊ देत, मग म्हटलं उन्हाळा जाऊ दे, आता थंडी आली. तुझं नवं घरही बघायचंय, पण प्रवासात त्याच्या खाण्याचं सगळं कोलमडतं. येऊ गं.

चल, उठला वाटतं.

तुझी धाकटी


२६ नोव्हेंबर

ताई,

मागच्या पत्रात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी मी तुला काहीच सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात गुंडूला लस टोचायला घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी त्याला काट्यावर ठेवलं, त्याने काट्यावरच नाच केला. बाई म्हणाल्या, "उत्तम आहे. याची काळजी सोडा आता." मी त्याला कपडे चढवत होते. बाई माझ्याकडेच बघत राहिल्या.

"आता तुम्ही उभ्या राहा."

"मी?"

"हो. चपला काढून."

मला हसू आलं. उभी राहिले, पण आकड्याकडे बघितलं नाही. बाईंनी बघितलं. मग शांतपणे विचारलं, "आज सकाळपासून काय खाल्लंत?"

ताई, गुंडूचं उरलेलं खाते मी. फेकायचं जिवावर येतं. गार, बिनमिठाचा, त्याने चमच्याने चिवडलेला भात. तोही ओट्याशी उभी राहून. स्वतःसाठी वेगळं काही करायला घेतलं की त्याची पुढची वेळ झालेली असते. संध्याकाळी बाबा विचारतो, "जेवलीस ना?" मी हो म्हणते. कपडे सैल झाले, तर काकूंकडून आत घेऊन आणले. काकू म्हणाल्या, "बाळंतपणानंतर अशी अंगलट राहायला नशीब लागतं."

तू म्हणशील, बाबाचं हे सगळं ऐकून का घेतेस? गुंडू रांगतही नव्हता तेव्हा तो पाळणाघरातल्या दुधाने आजारी पडला होता, आठवतं? हाताला सलाईन लावलेलं ते एवढंसं बोचकं. पाळणाघराने मला फोन केला तेव्हा मी एका आजोबांना "हे स्पष्ट दिसतं की ते?" असं विचारत होते, फोन ऐकूच आला नाही. धावत गेला तो बाबा. त्यावरून त्याने मला आजवर एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडले असते, रडले असते, संपलं असतं. तो नुसता म्हणाला, "आता आपण सगळं नीट करू." त्या 'आपण'मधून मला बाहेरच पडता येत नाही गं.

दवाखान्यातून आले त्या संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं. माझं वजनही. त्याचा चेहरा उतरला. माझा हात धरून म्हणाला, "माझंच चुकलं. माझं लक्षच नव्हतं तुझ्याकडे." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, अगदी खरं. मला वाटलं, आता म्हणेल, जा तू दुकानात, जरा माणसांत जा.

त्याने पेन घेतलं. कागदावर गुंडूच्या आठवड्याशेजारी एक उभी रेघ मारली.

"सोमवारी सकाळी तुला दोन अंडी," तो म्हणाला.

"मला अंडी आवडत नाहीत."

"गुंडूलाही आवडत नव्हती."

"अरे, मी कामाला जाऊ लागले ना, की भूक आपोआप लागेल."

"आधी वजन भरू दे. मग बघू. मी आहे ना."

आता दुपारच्या फोनवर दोन प्रश्न असतात. त्याने किती खाल्लं, आणि तू किती खाल्लंस. मी खरं उत्तर देते. परवा चष्मेवाल्या बाईंना फोनही केला. नंबर त्यानेच लावून दिला, पण बोलले मीच, माझ्याच आवाजात: "बाई, जागा द्या कुणालाही." त्या म्हणाल्या, "एकदा नीट विचार कर." मी म्हटलं, "केलाय." तो शेजारी उभा राहून सफरचंदाच्या फोडी करत होता. माझ्यासाठी. सालं काढून.

तो ओरडत नाही, ताई. दाराला कुलूप नाही. किल्ली माझ्याच पदराला आहे म्हण ना. तेच कुणाला सांगता येत नाही. आईला सांगायला गेले तर ती म्हणाली, "अगं, केवढा जीव लावतो तुम्हाला!" लावतो. मी ते रोज चावून चावून गिळते.

आज मात्र गुंडूने चमचा बघून तोंड फिरवलं, आणि मी काय केलं सांगू? त्याची हनुवटी धरली. हलकेच, अगदी प्रेमाने. म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच ना रे राजा." आवाज माझा होता, बोलणं त्याच्या बाबाचं. गुंडूने मुकाट्याने तोंड उघडलं. 'नाय' म्हणालासुद्धा नाही. मी चमचा खाली ठेवला आणि तुला लिहायला बसले.

शनिवारी ये. फोन करून येऊ नकोस. दारात उभी राहा आणि सांग, मी या दोघांना माझ्याकडे न्यायला आलेय. तो तुझ्याशी फार चांगलं वागेल, चहा करेल. मी म्हणेन, "आत्ता नको गं, पुढच्या महिन्यात नक्की." हसेनसुद्धा. तुला वाटेल, पत्र लिहिलं तेव्हा हिचं काहीतरी बिनसलं असणार, आता बरी दिसतेय.

माझं ऐकू नकोस.

तुझीच,
जिला 'नाय' म्हणता येत नाही ती