बर्फावरचं कोर्ट

सर, मागच्या हिवाळ्यात मला पुन्हा एकाच्या जागी दोघं ऐकू आले. पहिल्यांदा ऐकू आले तेव्हा मी आठवीत होते, तुमच्या कोर्टकडे पाठ करून बसले होते, आणि तुम्ही मला घरी पाठवून दिलं होतं. या वेळी घरी पाठवणारं कोणी नव्हतं. उलट मला मत द्यायचं होतं, आणि त्या मतावर काही माणसांचे संसार या गावातून त्या गावात हलणार होते. मत मी दिलं. ते कशासाठी दिलं हे अजून कोणाला सांगितलेलं नाही, आणि सांगायला तुमच्याशिवाय माणूसही नाही.

नोकरीचं आधी सांगते. मी इकडे परदेशात, किचनरला, एका व्यावसायिक बास्केटबॉल संघासाठी आकडे पाहते. कोण कुठून नेम साधतो, कोणाचा हात कधी चुकतो, असलं. जिला शेवटपर्यंत डाव्या हाताने लेअप जमला नाही ती पोरगी आता साडेसहा फुटी बाप्यांच्या चुका काढते. हसलात तरी चालेल. इथे संघ एकमेकांत खेळाडूंची अदलाबदल करतात, त्याला ट्रेड म्हणतात. माणसाला सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी तो बायकोपोरांसकट बिऱ्हाड बांधायला लागतो. लग्न जमवताना करावी तशी आम्ही आधी सगळी चौकशी करतो, फक्त पोहे मिळत नाहीत. गेल्या हिवाळ्यात असंच एक स्थळ आलं. देशाच्या पार पलीकडच्या टोकाला, कोक्विटलामकडच्या एका संघात गार्डच्या जागी खेळणारा एक जण होता. लीगमध्ये त्याच्याइतके गुण कोणी करत नव्हतं आणि त्याच्याइतकं नाराजही कोणी नव्हतं. सरावाला उशिरा यायचा, कोचशी बोलायचा नाही, मला इथून काढा असं उघड म्हणायचा. आमचा मॅनेजर म्हणाला, घेऊन टाकू, दुभत्या गाईच्या लाथा गोड. म्हणजे तो इंग्रजीत काहीतरी वेगळं म्हणाला, पण अर्थ हाच. आमचा कोच म्हणाला, हा आला की माझी बसलेली घडी विस्कटेल, आणि बदल्यात आपले दोन गुणी गडी जातील, त्यातल्या एकाचं बाळ अजून रांगतसुद्धा नाही. दोघांचं जमेना, तेव्हा मॅनेजरने माझ्याकडे बोट केलं. तू आकडे बघ, माणूस बघ, आणि हो की नाही ते सांग.

त्याच्या नाराजीचं कारण कोणालाच धड माहीत नव्हतं. तिकडच्या लोकांना विचारलं की एकच गोष्ट पुन्हापुन्हा कानावर यायची: तो म्हणतो, इथली जमीन बरोबर नाही. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून मी सोडून दिलं असतं. पण याला नाचता येत होतं, झकास येत होतं, आणि तरी अंगण वाकडंच होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "अगं, स्टार प्लेअर्स नखरे करतातच. तू डेटा प्रेझेंट कर आणि मोकळी हो." लेक जेवता जेवता म्हणाली, "मेबी ही जस्ट मिसेस होम, आई." घराची आठवण येत असेल म्हणे. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, सहज बोलून गेली. पण हा गार्ड खरंच मूळचा आमच्याच भागातला, ग्वेल्फजवळचा. दुसऱ्या दिवशी मी तो कुठल्या अरीनात कसा खेळतो ते वेगवेगळं काढून पाहिलं. सर, या देशात पुष्कळ ठिकाणी बर्फावरची हॉकी आणि बास्केटबॉल एकाच इमारतीत होतात. बर्फ कोणी वितळवत बसत नाही. त्याच्यावर जाड फळ्या अंथरतात आणि फळ्यांवर लाकडी कोर्ट जोडतात. वर माणसं घाम गाळत असतात आणि त्यांच्या पायाखाली बर्फ तसाच असतो. जिथे खाली बर्फ होता तिथे हा माणूस कोणाला आवरत नव्हता, आणि आमच्या अरीनात तर सगळ्यात जास्त. त्याच्या स्वतःच्या कोर्टखाली साधं काँक्रीट होतं, आणि तिथे तो फक्त चांगला होता. मी ते आकडे बराच वेळ पाहत राहिले. मला ते मुळीच आवडले नाहीत.

आवडले नाहीत याचं कारण तुमचं नागपूरचं सिमेंटचं कोर्ट. मला खेळता येणार नाही हे तुम्ही पहिल्या आठवड्यातच ओळखलंत, पण हाकललं नाहीत. कोर्टकडे पाठ करून कडुनिंबाखाली बसवलंत आणि म्हणालात, पाहू नको, ऐक, चेंडू कोणाजवळ आहे ते सांग. सुरुवातीला मी ठोकून द्यायचे. चुकले की तुम्ही ओरडायचात, "काय ऐकून राहिली तू, भजन?" हळूहळू मला कळायला लागलं, कोणाची टाच आधी पडते, कोण दमलाय, कोण पास द्यायचं नुसतं नाटक करतोय. मग तो मे महिन्यातला दिवस. बाकी पोरं आलेली नाहीत, तुम्ही एकटेच चेंडू खेळवताय, मी सवयीने पाठ करून बसले आहे. थोड्या वेळाने मी विचारते, सर, हा दुसरा कोण आलाय, अनवाणी? चेंडू थांबतो. मी वळून पाहते तर तुम्ही मधल्या वर्तुळात एकटे उभे. त्या उन्हात तापलेल्या सिमेंटवर अनवाणी कोणाला उभं राहणं शक्यच नव्हतं. तुमचा तसा चेहरा मी परत कधी पाहिला नाही. "घरी जा पोरी," एवढंच म्हणालात. पुढे किती तरी दिवस माझ्याशी बोलला नाहीत. एका संध्याकाळी आपली शिट्टी माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "बरोबर ऐकलं तू. पण बोलायचं नाही कोणापाशी."

तो कोण होता ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुम्ही गेल्यावर तुमच्या घरी भेटायला आले तेव्हा काकूंनी सांगितलं. तुमचा शाळेतला जोडीदार, बूट घेण्याची ऐपत नव्हती म्हणून अनवाणी खेळायचा, आणि जिल्ह्याच्या निवडीच्या तोंडावर काविळीने गेला. काकूंना एवढंच माहीत होतं. तुम्हाला पुण्याला मोठ्या प्रशिक्षकाची जागा चालून आली होती, तुम्ही नाही म्हणालात, आणि का ते त्यांना कधी कळलं नाही. मला त्यांच्यासमोर बसल्या बसल्या कळलं, आणि मी चहा पीत राहिले. "जेवायला घरी यायचे, राहायचे तिकडंच," असं त्या म्हणाल्या. भर दुपारी तुम्ही त्या कोर्टवरच गेलात. शाळेच्या शिपायाने पाहिलं तेव्हा चेंडू अजून घरंगळत होता, असं तो सांगतो. तुम्हाला तेव्हा एकटं वाटलं नसणार, याची मला खात्री आहे. काकूंचं मात्र आयुष्य तुम्ही त्या कोर्टवरून परत यायची वाट बघण्यात गेलं.

फेब्रुवारीत त्या गार्डचा संघ आमच्याकडे खेळायला आला. त्याच्याशी बोलायची परवानगी आम्ही त्याच्या संघाकडून घेतली होती. सामन्याच्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी एकटाच आला. अर्धेच दिवे लावलेले, बर्फ गोठवणाऱ्या यंत्रांची खालून घरघर, आणि पायातून वर चढणारा गारठा. मी जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मग खुर्चीत वळून पाठ केली. चेंडू पडतोय, बूट कुरकुरताहेत, श्वास. एक माणूस. आणि मग त्याच्या थोडं पुढे, थोडं खालून, दुसरा आवाज. तो पावलांचा नव्हता. सुरीला धार लावताना येतो तसा, लांब ओढलेला, मग क्षणभर थांबलेला, मग पुन्हा. खेळणारा डावीकडे वळायच्या आधी तो आवाज डावीकडे वळत होता. पुढे जाऊन वाट दाखवत होता. मी स्वतःला म्हणाले, फळ्या आहेत, प्रतिध्वनी आहे. तेवढ्यात त्याचा चेंडू थांबला, बूटही थांबले. तो दुसरा आवाज चालूच होता. एक मोठी गोल फेरी मारून तो माझ्या खुर्चीच्या अगदी मागे येऊन थांबला. माझ्या मानेवर गार वारं लागलं.

मी वळले. तो मधोमध उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. पाठ का केलीस, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, ऐकण्यासाठी. काय ऐकलंस, असं त्याने अगदी हळू विचारलं. बोलायचं नाही हे माहीत असूनही मी बोलले. "तुझ्याबरोबर कोणीतरी स्केट्सवर आहे." तो मोठा धिप्पाड माणूस खाली बसला आणि त्याने हाताचा तळवा फळीवर ठेवला. मग सांगत राहिला. मोठा भाऊ याच रिंकमध्ये, याच बर्फावर, हॉकी खेळायचा. हा लहान असताना बर्फाच्या कडेने बूट घालून त्याच्यामागे धावायचा, आणि वळायचं कसं, चकवायचं कसं, ते सगळं भावाने शिकवलं. भाऊ एका हिवाळ्यात हायवेवर अपघातात गेला. बर्फ असला की तो येतो, इथे सगळ्यात स्पष्ट येतो. तिकडे येत नाही. तिकडे मी एकटा असतो, असं तो म्हणाला. बायको, लहान मुलगी, त्यांचं काय, असं मी विचारलं. "बायकोला तिकडेच बरं वाटतं," तो म्हणाला. "ती म्हणते, तिकडे मी माणसांत असतो." मग जरा हसला आणि म्हणाला, "मला इथे आणा."

इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला मी नंतर विचारलं. त्याने सांगितलं, बर्फावर टाकलेलं कोर्ट आहे, आकसतं, फुगतं, फळ्या घासतात, सगळ्याच रिंकमध्ये होतं. असेलही. त्याच आठवड्यात काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुमचं कोर्ट उखडलं, त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले, आता तिथे शाळेच्या बस उभ्या राहतात.  माझ्या मनात पहिला विचार हा आला की मग आता तुम्ही दोघं खेळता कुठे.

बैठकीत मॅनेजरने विचारलं, हो की नाही. मला काय सांगायला हवं ते मला माहीत होतं. हा माणूस इथे आला तर गुणांचा पाऊस पाडेल, आणि घरी फक्त जेवायला जाईल. त्याची मुलगी बापाला टीव्हीवर बघत मोठी होईल. त्याला तिकडेच, काँक्रीटवर, एकटं आणि नाराज राहू देणं हीच त्याच्यावर दया होती. मी म्हणाले, हो, घ्या. आकडे दाखवले, बर्फावर तो जास्त का खुलतो त्याचं कारण चेंडूच्या उसळीवर ढकललं, सगळ्यांना पटलं. आमचे दोन गडी विमानाने गेले. रांगायच्या आतच त्या बाळाचं बिऱ्हाड हललं.

आता तो आमचा आहे. संघ जिंकतोय, मॅनेजर मला बघून लांबूनच हात करतो. रोज सकाळी तो सगळ्यांच्या आधी येतो, त्याच्याही आधी मी येते आणि पाठ करून बसते. त्याचे गाल बसलेत. सराव संपल्यावरही तो निघत नाही. परवा त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी थांबली होती. मुलीच्या पायात एकच मोजा होता. तिने विचारलं, तू रोज तिथे असतेस ना? तो कोणाशी बोलतो? तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "तुला तिथे काही ऐकू येतं का? खरं सांग."

सर, माझा एक शब्द पुरला असता. तिने त्याला हाताला धरून नेलं असतं, आणि ते त्यांच्यासाठी बरं झालं असतं. मी म्हणाले, काही नाही, बर्फावरच्या फळ्या आहेत, त्या वाजतात. तिने माझे आभार मानले. तिला खरंच बरं वाटलं होतं.

तुम्ही बोलू नको म्हणाला होतात म्हणून मी गप्प राहिले, असं नाही. तो आहे तोवर तिथली वाट तुमच्यासारख्यांना उघडी राहते असं मला वाटतं, मत दिलं तेही त्याचसाठी, आणि तुम्हाला तर आता जागाच उरलेली नाही. हे पत्र मी कुठे टाकणार नाही. टाकायला पत्ता असता तर त्या बाईशी खोटं बोलायची वेळ आली नसती. तुमचा डावा पाय चालताना जरा घासायचा, तो मी हजारांत ओळखेन. आज सकाळपर्यंत तरी तिथे दोघंच आहेत.