मूठभरचा मामा

३ ऑक्टोबर
झाली! दोन्ही झाली — आणि नऊ आठवडे आधी. आईचा फोन आला तेव्हा मी पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या छतावर उभा होतो. हातातला पाना तसाच खिशात कोंबून दवाखाना गाठला. चिमीला टाके घातलेले, अर्धवट गुंगीत. धाकटी बहीण माझी, आणि एकदम दोघांची आई! मुलगी चौदाशे ग्रॅम, मुलगा अकराशे वीस. काचेतून पाहिली. मुलगी तोंड वासून रडते. आवाज येत नाही, पण हुकूम कळतो. तिचं नाव राणीसरकार. मुलगा काहीच म्हणत नाही. तो मूठभर.

४ ऑक्टोबर
आई म्हणाली, मुलगी निभावेल, पण त्या बारक्यात जीव गुंतवू नका. माझ्याआधीचं एक तिने असंच घालवलंय, ठाऊक आहे मला. म्हणून काय झालं? मी गुंतवणार.

९ ऑक्टोबर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दोघांना रोज दुपारी तीन ते सहा कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायचं. ऊब लागली की वजन धरतात. राणीसरकार चिमीकडे. दोघं एकदम नाही, नळ्या गुंततात. मग मूठभरला कोण घेणार? सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा गणिताचा मास्तर. पांढराफटक पडला, हात पाठीमागे बांधले. माझ्या हातून काही झालं तर, असं काहीतरी पुटपुटला.

मी म्हटलं, मी बसतो.

हेड सिस्टरने मला आपादमस्तक न्याहाळलं. नखांतलं ग्रीस, खिशातली पुडी. नखं कापा, आंघोळ करून या, तंबाखू आजपासून बंद! वीस वर्षांची तंबाखू! पुडी तिच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. डबा उघडा होता, ती तिथून दिसत राहिली.

१० ऑक्टोबर
बसलो. शर्ट काढला तेव्हा कोपऱ्यातल्या दोन बाळंतिणी तोंडावर हात धरून हसल्या. हसा! छातीवर जंगल आहे ते मलाही माहीत आहे. सिस्टरने त्याला ठेवलं. माझा पाना याच्यापेक्षा जड असेल. पंधरा मिनिटांत यंत्र कोकलायला लागलं — पठ्ठ्या श्वास घ्यायलाच विसरला! लवकर आलेली पोरं विसरतात म्हणे. सिस्टरने तळव्याला टिचकी मारली, त्याने श्वास घेतला. माझा मात्र बराच वेळ अडकलेला.

लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मी बाहेरून जे सांगतो तेच त्याला सांगितलं. घाबरायचं नाही, मी इथेच आहे, दार उघडल्याशिवाय हलणार नाही.

१२ ऑक्टोबर
सुपरवायझर विचारतो, बायको बाळंत झाली का? म्हटलं, बहीण. मग मामाला कसली सुट्टी, म्हणे. म्हटलं, सुट्टी नकोच. सकाळी सहाला येतो, दोनला जातो. पटत नसेल तर चौदा मजल्यांची ती म्हातारी लिफ्ट तुम्हीच दुरुस्त करा. हजेरीत माझी वेळ बदलून घेतली. अडला हरी! आता त्यात गाढव मी ठरतो, पण पाय तर धरले.

१५ ऑक्टोबर
तंबाखू. तंबाखू. तंबाखू. बडीशेप चावून जबडा दुखला.

१७ ऑक्टोबर
मूठभर अकराशे तीस! आधी घसरलेलं सगळं भरून काढलं, वर दहा ग्रॅम. मी पावणेतीनलाच हजर असतो, कुणाला बोट ठेवायला जागा नाही. मेहुणा शाळा सुटली की येतो आणि काचेपलीकडे उभा राहतो. आज त्याने दोघांच्या वजनाचा आलेख आणला. चौकटींच्या कागदावर, दोन रंगांत! माझ्याच्याने राहवलं नाही.

"कागदावर वजन वाढत नसतं, मास्तर."

त्याने घडी घालून कागद खिशात ठेवला. चिमी राणीसरकारची टोपी सारखी करत बसली.

२० ऑक्टोबर
मूठभर निळा पडला. जंतुसंसर्ग. परत काचेच्या उबदार पेटीत. आई म्हणाली, मी सांगितलं होतं. मी म्हटलं, सांगितलंस ना, आता घरी जा. आईशी असं बोलायला नको होतं. पण बोललो.

२१ ऑक्टोबर
पेटीपाशी बसून आहे. अंगावर नाही तर नाही! पेटीच्या भोकातून एक बोट आत. त्याने धरलंय.

२३ ऑक्टोबर
परत माझ्या छातीवर. कोण म्हणत होतं जीव गुंतवू नका?

२६ ऑक्टोबर
बाराशे साठ. मेहुणा आज चक्क आत आला, खुर्चीशेजारी. शर्टाचं वरचं बटण उघडं. मी म्हटलं, राहू द्या, मला सवय झालीय. बटण लावून बाहेर गेला. तीन तास उभं राहणं जमतं, बसणं जमत नाही!

२८ ऑक्टोबर
तेराशे दहा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काळजी नाही, सोळाशे झाला की घरी. आईने दोन टोप्या विणून आणल्या. दोन!

२९ ऑक्टोबर
चिमीने जिन्यापाशी गाठलं.

"दादा, तू उठत नाहीस म्हणून तो बसत नाही."

डोकंच फिरलं. इतके दिवस कोण बसलं? तंबाखू कुणी सोडली? सुपरवायझरशी कोण भांडलं? सगळं ऐकवलं, तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. तिने दंड धरून मला बाजूला घेतलं.

"तूच केलंस सगळं. पण मी पोरं घेऊन घरी जाईन तेव्हा तिथे तो असेल. तू नसशील."

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं! नवरा घाबरट निघाला, त्याला मी काय करू? उठणार नाही. सोळाशे होईपर्यंत ती खुर्ची माझी.

३० ऑक्टोबर
बसलो. तेराशे साठ.

३१ ऑक्टोबर
हात धुवायच्या बेसिनपाशी वही असते. वेळ, सही, कशासाठी. मी रोज घाईत गिरगटतो. आज पानं मागे उलटली, चिमीला माझे दिवस मोजून दाखवायचे होते ना! माझ्या प्रत्येक सहीखाली मास्तराचं गोल अक्षर. अकरा तारखेपासून, एकही दिवस न चुकता. आणि 'कशासाठी'च्या रकान्यात रोज तेच — मुलाला अंगावर घेण्यासाठी.

सही केली नाही. रस्त्यावर येऊन त्याला फोन लावला. सुपरवायझर आता सोडत नाही, मला यायला जमणार नाही, तुम्ही बसा — असं खोटंच सांगितलं. "बरं दादा," म्हणाला. मी म्हटलं, नखं कापा, आंघोळ करून या.