तीनदा करून दाखव

३ मार्च
नोकरी लागली. कन्सोलवरच्या गाड्यांच्या खेळाची टेस्टर. खेळ समजायला सोपा आहे. शहरभर गाडी पळवायची, दिसेल त्याला धडका द्यायच्या, रॉकेट मारायची. शेवटी ज्याची गाडी चालत राहील तो जिंकला. मी दिवसभर खेळायचं आणि जे चुकतंय ते लिहून द्यायचं.

ताई म्हणाली की एवढं शिकून गाड्याच ठोकायच्या होत्या तर तिच्या लाँड्रीत जागा होती, तिथले ड्रायव्हर आनंदाने ठोकतात. मग तिने मला नवा डबा आणून दिला आणि त्यावर माझं नाव खिळ्याने कोरलं, पाचवीत असताना कोरायची तसं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वी इथे शिवणकामाचा कारखाना होता, फरशीच्या फटींत अजून टाचण्या सापडतात. चौदा टेबलं, खिडक्यांना जाड पडदे. माझी खुर्ची खिडकीशी. आधीचा टेस्टर त्याची उशी विसरून गेला आहे.

६ मार्च
माणसं चांगली आहेत. आमचा प्रमुख हेडमास्तरसारखा बोलतो, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणतात. त्याचा एकच नियम: तीनदा करून दाखव. एखादी चूक त्याच पायऱ्यांनी तीनदा घडली तर ती चूक. एकदा घडली तर योगायोग, दोनदा घडली तर तुझ्या मनाचे खेळ.

गाड्यांची मोडतोड पोचेकाका बनवतात. वीस वर्षं त्यांनी गॅरेजमध्ये डेंटिंग केलं. तिकडे पोचे काढायचे, इकडे पाडायचे, पगार इकडे जास्त, असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. प्रत्येक गाडीच्या ते चार पायऱ्या करतात: ओरखडा, पोचा, चुराडा, जाळ.

इथली एक रीत आहे. नव्या माणसाने घरची एक गाडी खेळात द्यायची, आणि आपली गाडी आपणच फोडून तपासायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी ताई चालवते त्या लाँड्रीच्या व्हॅनचं नाव दिलं.

८ मार्च
आज पोचेकाकांनी व्हॅनचे फोटो काढले, चारी बाजूंनी मिळून छत्तीस. पांढरी व्हॅन, मागे चादरींची गाठोडी. ताई स्टिअरिंगवर, मी शेजारी. ताईने पट्टा लावायला लावला. गाडी उभी आहे, म्हटलं. तरी लाव म्हणाली. धडक बसायची वेळ आली की ड्रायव्हरचे हात आपोआप स्वतःची बाजू वाचवतात आणि शेजारचा मरतो, म्हणून शेजारच्याने फाजील हुशारी करू नये. हे तिने मला शंभरदा सांगितलं आहे.

आम्ही खूप हसलो. काका म्हणाले, तशाच बसा, रिकामी गाडी मेल्यासारखी दिसते.

१८ मार्च
व्हॅन खेळात आली. हुबेहूब आहे. काळ्या काचेतून फक्त स्टिअरिंगवरचं डोकं दिसतं. सातव्या लेव्हलला बाजाराच्या रस्त्याने आपली आपण जाते. तिला पेटवलं की खेळणाऱ्याची सगळी रॉकेट पुन्हा भरतात आणि जळत्या चादरी हवेत उडतात. चादरींवर काकांनी चार दिवस घालवले. मास्तर म्हणाला की लोक दुसरं काही करणार नाहीत, हिच्याच मागे लागतील.

आज पहिली पायरी तपासली. उजव्या दाराला बंपर घासला. आकड्यासारखा वाकडा ओरखडा उठला. बरोबर उठला. बरोबर म्हणून नोंद केली.

संध्याकाळी ताईने व्हॅन दाखवली. उजव्या दारावर ओरखडा, आकड्यासारखा. ती आत बसून डबा खात होती, कुणी घासून गेलेलं तिला कळलंही नाही. तिचा उजवा कोपरही सोलला आहे. तो कसा सोलला, तेही कळलं नाही म्हणाली.

२४ मार्च
दुसरी पायरी आज तयार झाली. मी काही मनात आणलं नव्हतं. काम होतं, केलं. अकरा वीसला उजव्या दारावर सरळ धडक. दार आत गेलं. स्टिअरिंगवरचं डोकं एकदा हललं.

बारा वाजता दवाखान्यातून फोन. ताईचं उजव्या खांद्याचं हाड मोडलं आणि दोन बरगड्या. व्हॅन लाँड्रीच्या फाटकाशी उभी होती. चौकीदार शपथेवर सांगतो की एकही गाडी आली नाही. दार आपोआप आत गेलं, कुणी लाथ घालावी तसं. बाई ओरडली नाही म्हणाला, नुसता हवा जाण्याचा आवाज झाला.

मी वेळ विचारली. अकरा वीस.

२५ मार्च
मास्तरला लिहून दिलं. त्याने शांतपणे वाचलं. हसला नाही. दोनदाच झालंय म्हणाला.

व्हॅन काढून टाका, असं मी काकांना विनवलं. ते म्हणाले की गाड्या आता कुलूपबंद आहेत. दोन एप्रिलला डिस्क छापायला जातात. सिद्ध झालेल्या चुकीशिवाय कुणालाच काही काढता येत नाही, त्यांनासुद्धा नाही.

२६ मार्च
चुकांची जुनी यादी उघडली. आधीच्या टेस्टरने त्याच्या चुलत्यांचा टेम्पो खेळात दिला होता. त्याच्या नोंदी दोन. पहिली: टेम्पोची काच फुटली, त्याच वेळी चुलत्यांचा डोळा गेला. दुसरी: टेम्पोचं नाक आत गेलं, चुलत्यांचे दोन्ही गुडघे. खाली त्याने लिहिलं आहे की तिसऱ्यांदा करून दाखवणार नाही.

त्याखाली मास्तरचा शेरा. तिसरी वेळ दाखवली नाही. बंद.

टेम्पो अजून खेळात आहे. चौथ्या लेव्हलला.

२७ मार्च
ताई घरी आली. उजवी बाजू पट्ट्यांत. मी सगळं सांगितलं. वेडी म्हणेल असं वाटलं होतं. तिने ओरखडा कधी काढलास ते विचारलं, पोचा कधी पाडलास ते विचारलं. मग म्हणाली, तिसरी वेळ दाखव. डिस्क छापली गेली तर तिसरी नि चौथी पायरी मोजायला मी असणार नाही.

मी नाही म्हटलं. तिने हसायचा प्रयत्न केला, बरगड्यांमुळे जमलं नाही. डावीकडून मार म्हणाली. त्या बाजूला कोण बसलंय.

३० मार्च
सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. मास्तर, काका, बाकीचे. ताईला फोनवर ठेवलं. डावीकडून हलकेच मारायचं ठरलं होतं. फक्त आरसा.

मारलं.

ताई फोनवर म्हणाली, मला काही नाही झालं. त्याच वेळी माझं डावं मनगट मोडलं. टेबलावर, सगळ्यांसमोर. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज. हाड कातडीतून बाहेर आलं. कंट्रोलरवर रक्त, बटणांच्या फटींत रक्त.

काका मागे सरकून भिंतीला टेकले. म्हणाले की फोटोत तुम्ही दोघी होतात. मी दोघींना ठेवलं.

३१ मार्च
उजव्या हाताने लिहिते आहे, तेवढं बरं.

तीन वेळा झालं. नोंद केली. मास्तरने शेरा मारला. गाडीला लागलं की आतल्यांना लागतं. अपेक्षेप्रमाणे. दोष नाही. बंद.

मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली. त्याने माझ्या प्लास्टरकडे पाहिलं आणि काकांना सांगितलं की इतकी खरी मोडतोड आजवर कुणी केली नव्हती.

२ एप्रिल
डिस्क गेल्या.

मागच्या दाराने जाऊन डिस्क छापायची यंत्रं फोडायला हवी होती. एका हाताने लोखंडी सळी उचलवेना. काकांना सोबत चला म्हटलं. ते रडले. आले नाहीत.

११ एप्रिल
खेळात प्रत्येक फेरीनंतर व्हॅन पुन्हा कोरी होते. ताई होत नाही. मी होत नाही.

किती लोक घेतील ते काल मास्तरने भिंतीवर लावलं. मी आकडा वाचला नाही.

१९ एप्रिल
उद्या दुपारी बारा वाजता खेळ विक्रीला. सगळीकडे एकदम.

ताईने लाँड्रीतून चादरी मागवल्या आहेत. भिजवून अंगावर घ्यायच्या. न्हाणीघरात बसायचं, नळ सोडून. ती म्हणाली, आयुष्यभर लोकांच्या चादरी वाहिल्या, आता त्या आपल्याला वाहतील.

२० एप्रिल
११.४०. न्हाणीघर. ताई स्टुलावर, मी तिच्या डावीकडे. अशीच बस म्हणाली, गाडीत बसतो तशी. वही पिशवीत घालून मांडीवर.

१२.००. काही नाही.

१२.०९. वरच्या घरात कुणीतरी खेळ लावला. छतातून इंजिनाचा आवाज. ती सुरुवातीची धून, मी हजारदा ऐकलेली.

सातव्या लेव्हलला पोचायला चाळीस मिनिटं लागतात. चांगल्या खेळणाऱ्याला पंचवीस.

१२.२६. ताईच्या दंडावर ओरखडा. माझ्या गालावर. अजून एक. रांगेने उठताहेत — कुणी नखं ओढतंय —

१२.२८. माझी बरगडी. डावीकडून येताहेत सगळे. डावीकडून सोपं पडतं, बाजाराचं वळण त्या बाजूला —

दात. दोन. हातात पडले.

ताई बघते आहे. माझ्याकडे. मी ओरडत नाही तरी तिला —

चादर वाळली. नळ सुरू आहे आणि चादर कोरडी. जळत्या केसांचा वास. माझ्या —

ताईने पट्ट्या तोडल्या. मोडका हात वर घेतला. दोन्ही हात हवेत, स्टिअरिंग धरावं तसे. मी सांगते आहे, नको, तुझी बाजू वाचव, तूच म्हणायचीस की हात आपोआप — ऐकत नाही. वळवते आहे. दात खाऊन वळवते आहे. माझ्या बाजूचा मार थांबला. सगळा तिच्या —

ताई सोड ते, ताई, हात